२४,४९९ रुपयांचं प्रेस कार्ड

एका यूट्यूब चॅनलच्या इंटर्नशिपसाठी मी भरलेले पैसे: नोंदणी १,४९९. 'प्रशिक्षण' १२,५००. ओळखपत्र आणि माईकवर लावायचा लोगो ३,५००. 'परत मिळणारी' अनामत ७,०००. एकूण २४,४९९ रुपये, सगळे यूपीआयने, सगळे एका बाईच्या खासगी खात्यात. 'त्या आपल्या अकाउंट्सच्या मॅडम' असं मला सांगितलं होतं. पावती मागितली तर 'सिस्टीम अपडेट होतेय'.

पत्रकारिता शिकणारी मुलगी आणि तिलाच गंडवलं, म्हणून हसायचं असेल तर हसून घ्या. आमच्या घरी हसून झालंय.

माझीही बाजू ऐका. कॉलेजात इंटर्नशिपचं पत्र दिल्याशिवाय मार्क नाहीत. मी अकरा ठिकाणी मेल केले, एकाचंही उत्तर आलं नाही. वर्गातल्या ज्यांना जागा मिळाल्या त्यांचे कुणी ना कुणी काका आत होते. कळव्यातल्या वायरमनच्या मुलीला कोण ओळखणार? अशात 'दुसऱ्या महिन्यापासून ८,००० मानधन' म्हणणारा माणूस भेटला. वाशी स्टेशनसमोरच्या टॉवरमध्ये काचेचं ऑफिस, दारावर चॅनलचं नाव. ते टेबल तासावर भाड्याने घेतलेलं असतं हे मला कसं कळावं?

कार्ड दिलं ६ जानेवारी २०२५ला, मुद्दाम पत्रकार दिन साधून. शाल, नारळ, फोटो. 'संपादक सरां'नी बाळशास्त्री जांभेकरांवर भाषण ठोकलं आणि भाषण संपल्यावर ३,५०० मागितले. 'दर्पण' १८३२ साली निघालं हे मला पहिल्या सेमिस्टरपासून पाठ होतं. पण कार्डावर 'आरएनआय नोंदणी प्रस्तावित' असं छापलंय, आणि वृत्तपत्र निबंधकांकडची ती नोंदणी तर छापील नियतकालिकांची असते, मग यूट्यूब चॅनलच्या कार्डावर ती काय करतेय, हे विचारायचं सुचलं नाही. कार्डावर अशोकस्तंभही होता, खासगी चॅनलच्या कार्डावर सरकारी राजमुद्रा! खरं तर तिथूनच उठून यायला हवं होतं.

पण सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच. ठाण्यातल्या तलावपाळीच्या फेरीवाल्यांवर मी पहिली बातमी लिहून पाठवली. तीन मिनिटांत लागली! एक शब्दही बदलला नव्हता. मी आईला सांगितलं, 'बघ, मला एडिटिंगची गरजच पडली नाही.' दोन दिवसांनी बातमी पुन्हा उघडली तर तिसऱ्या परिच्छेदात माझीच ओळ जशीच्या तशी: 'इथे अधिकाऱ्याचं नाव टाकायचं, उद्या विचारते'. कुणी वाचलीच नव्हती. त्या ऑफिसात वाचणारं कुणी नव्हतं, बातम्या तपासणारं डेस्क नव्हतं, साधं एक वर्तमानपत्र पडलेलं नव्हतं. हे मला दिसलं, तरी मी गुपचूप ती ओळ काढून टाका असा मेसेज केला आणि पुढच्याच आठवड्यात अनामत भरली. का? आधीचे १७,४९९ बुडतील म्हणून.

मग जाहिराती सुरू झाल्या. 'फील्ड रिपोर्टिंग' म्हणजे गुढीपाडव्याच्या शुभेच्छांचे पैसे गोळा करणं. मेडिकलवाल्या काकांकडून २,०००, डेअरीवाल्याकडून १,५००, मामाच्या मित्राकडून ५,०००. हे ८,५०० माझ्या तोंडाकडे बघून दिलेले. चॅनलमध्ये जाहिरातींचं काम असतं, पण ते जाहिरात विभागाचं. इंटर्नला वसुलीला पाठवलं की समजून जा.

एप्रिलमध्ये काचेवरचं नाव गेलं, फोन बंद. आणि खरा मनस्ताप पुढे. आमच्या कळव्याच्या पोलीस ठाण्यात म्हणाले, घटना वाशीची. ट्रान्स-हार्बर लोकलने वाशीला गेले, तर म्हणाले, पैसे तुम्ही घरी बसून पाठवलेत, राहता तिथे जा. चार फेऱ्या. एका साहेबांनी कार्ड उलटसुलट बघून विचारलं, 'तुम्ही प्रेसवाले ना? मग बातमी लावा की!' सगळे हसले. हद्द कुणाचीही असो, कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने (झिरो एफआयआर) गुन्हा नोंदवता येतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३, हे मी घरी येऊन वाचलं. तुम्ही वाचूनच जा, आणि अर्ज लेखी देऊन पोच घ्या. मला मिळालेली पोच म्हणजे चहाचा डाग पडलेली माझीच झेरॉक्स. बँक म्हणाली, व्यवहार तुम्हीच केलात. कॉलेज म्हणालं, यादीतली संस्था नव्हती. यादी मागितली तर यादीच नव्हती! आणि तरी पत्राची शेवटची तारीख मात्र पुढे ढकलणार नाहीत.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा तर पैसे गेल्या गेल्या करा, खात्यात असतील तर रोखता येतात. मी तीन महिन्यांनी केला.

राज्य सरकारची अधिस्वीकृती, म्हणजे पत्रकार म्हणून मान्यता, माहिती व जनसंपर्क महासंचालनालय देतं, तीही नियमात बसणाऱ्या अनुभवी पत्रकारांना, विद्यार्थ्यांना नाही. बाकीची कार्डं ज्याची त्याची ओळखपत्रं. टोल माफ होईल म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. वर्तमानपत्र असेल तर प्रेस रजिस्ट्रार जनरलच्या संकेतस्थळावर शीर्षक तपासा, आरएनआयचं १ मार्च २०२४पासूनचं हेच नाव. फुकट राबवून घेणारे खरे संपादकही असतात, त्यांच्याबद्दल माझं मत बरं नाही, पण ते निदान आपली कॉपी तपासून लाल करतात. पैसे मागत नाहीत.

गेल्या आठवड्यात इंटर्नशिपची तीच जाहिरात पुन्हा दिसली. चॅनलचं नाव नवीन, मानधन १०,०००, फोटोत शाल घेतलेली मी.

मेडिकलवाल्या काकांचे आणि डेअरीचे पैसे आईच्या भिशीतून दिले. मामाच्या मित्राचे ५,००० अजून बाकी आहेत. ते काही बोलत नाहीत, फक्त भेटले की विचारतात, 'काय पत्रकार, आमची जाहिरात कधी दिसणार?'