निळी पाटी: ‘सीडी’ गाडी आणि ‘सीसी’ गाडी

वर्धा रोडवर निळ्या पाटीच्या गाडीने धडक दिली, तर आधी पाटीवरची अक्षरं बघा. ‘सीडी’ म्हणजे दूतावास, ‘सीसी’ म्हणजे वाणिज्य दूतावास (परदेशाचं व्हिसा, व्यापार अशी कामं बघणारं कार्यालय).

दूतावासातला राजनैतिक अधिकारी १९६१ च्या व्हिएन्ना कराराखाली (राजनैतिक संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार) येतो. त्याला अटक नाही, फौजदारी खटला नाही. भरपाईचा दिवाणी दावाही बहुधा अडतो. हे संरक्षण फक्त त्याचा देशच काढून घेऊ शकतो.

वाणिज्य अधिकाऱ्याला १९६३ चा वेगळा व्हिएन्ना करार लागू. संरक्षण कामकाजातल्या कृत्यांपुरतंच. गंभीर गुन्ह्यात न्यायालयाच्या आदेशाने अटक होऊ शकते, आणि वाहन अपघाताच्या भरपाईचा दावा तर करारानेच मोकळा ठेवलाय. २०१३ मध्ये न्यूयॉर्कला भारतीय अधिकारी देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली, तेव्हा त्या तिथल्या भारताच्या वाणिज्य दूतावासातच होत्या. पूर्ण संरक्षण संयुक्त राष्ट्रांतल्या नेमणुकीनंतर मिळालं.

लोक चुकतात ते पाटी बघून गप्प बसण्यात. संरक्षण माणसाला असतं, पाटीला नाही. म्हणून परराष्ट्र मंत्रालयाचं ओळखपत्र बघायला पोलिसांना सांगा. गाडीवर भारतीय चालक असेल तर त्याला पाटीमुळे आपोआप कवच मिळत नाही. दोन्ही बाबतींत पंचनामा, फोटो आणि विमा पॉलिसीचा क्रमांक घ्याच.