खिडकी उघडली की हीटिंग बंद: सोनॉफचा व्हॉल्व्ह, अकाराचा सेन्सर

रेडिएटरचा, म्हणजे गरम पाण्यावर खोली तापवणाऱ्या पॅनेलचा, स्मार्ट व्हॉल्व्ह 'उघडी खिडकी आपोआप ओळखतो' असं सांगूनच विकला जातो. त्यावर विसंबू नये. सोनॉफचा टीआरव्हीझेडबीच घ्या. साडेचार मिनिटांत तापमान दीड अंशाहून जास्त घसरलं तरच तो खिडकी उघडी धरतो. पण बसलेला असतो गरम रेडिएटरला खेटून! खिडकीचं दार वरून नुसतं कलतं ठेवलं, तर त्याला पत्ताही लागत नाही. व्हॉल्व्ह म्हणून तो उत्तम आहे. खिडकीवर पहारा मात्र अकाराच्या छोट्या चुंबकी सेन्सरचा हवा. दोघांची गाठ होम असिस्टंट या घरगुती स्मार्ट उपकरणं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, झिगबी या कमी ऊर्जेच्या बिनतारी जोडणीवरून घालता येते.

बसवताना पाणी काढावं लागत नाही. जुनी मूठ आधी सगळ्यात मोठ्या आकड्यावर फिरवा, म्हणजे आतल्या, पाणी सोडणाऱ्या-अडवणाऱ्या पिनवरचा दाब जातो आणि नट सहज सुटतो. आटे एम ३० × १.५ असतील तर नवा व्हॉल्व्ह थेट बसेल, नाहीतर अडॅप्टर लागेल. उघडी पडलेली पिन सपाट वस्तूने दाबून पाहा. सोडल्यावर ती वर आली पाहिजे. अडकली असेल तर हलकेच दाबत-सोडत मोकळी करा. पक्कडीने ओढायच्या फंदात पडू नका, गळती लागेल. तीन पेन्सिल सेल घाला, मोटर पूर्ण मागे जाऊ द्या, मगच नट हाताने आवळा. मोटर पुढे असताना आवळलात तर पिनची चाल चुकीची मोजली जाते आणि रेडिएटर एकतर थंडच पडत नाही किंवा तापतच नाही.

सेन्सरची जागा हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. खालून बिजागरीवर कलणाऱ्या खिडकीला तो खाली लावला, तर कलती खिडकीही 'बंद'च दिसते, कारण खालची कड हलतच नाही. उभ्या बिजागऱ्यांच्या विरुद्ध बाजूला, अगदी वरच्या कोपऱ्यात लावा. सेन्सर आणि त्याच्या चुंबकातलं अंतर २२ मिलिमीटरपेक्षा कमी हवं. लोखंडी चौकटीवर त्याहून बरंच कमी ठेवा. टेप चिकटवण्याआधी पृष्ठभाग स्पिरिटने पुसा.

ऑटोमेशनमध्ये, म्हणजे होम असिस्टंटमधल्या आपोआप चालणाऱ्या नियमात, खिडकी ६० सेकंद उघडी राहिली तरच व्हॉल्व्ह बंद करा, नाहीतर दर वेळी मोटर फिरून सेल संपतील. तापमान ५ अंशांवर आणण्यापेक्षा मोड 'ऑफ' करा. ठरवलेलं तापमान तसंच राहतं, परत लिहायची भानगड नाही. 'ऑफ'मध्येही पाणी गोठू नये म्हणून असलेलं बचावाचं तापमान ७ वर ठेवा. खोलीत दोन खिडक्या असतील तर त्यांचा गट करा आणि शेवटची मिटल्यावरच हीटिंग चालू करा. ट्रिगरमध्ये, म्हणजे नियम सुरू करणाऱ्या अटीत, 'उघडी'पासून 'बंद'पर्यंत असं स्पष्ट लिहा. नुसतं 'बंद' लिहिलं, तर सेन्सर संपर्कात परत आल्यावरही ट्रिगर उडतो आणि मुद्दाम बंद ठेवलेला रेडिएटर तापायला लागतो. होम असिस्टंट मध्येच रीस्टार्ट झालं तर ६० सेकंदांची मोजणी पुसली जाते, म्हणून सुरू होताना खिडक्यांची स्थिती तपासणारा एक वेगळा ट्रिगर हवाच.

राहिला सेन्सरचा बटण सेल, सीआर १६३२. खिडकी उघडी असताना तो संपला, तर ती मिटल्याचं कळतच नाही आणि खोली थंडच राहते. झिगबी उपकरणं होम असिस्टंटला जोडणाऱ्या झिगबी टू एमक्यूटीटी या प्रोग्रॅममध्ये उपलब्धतेची तपासणी चालू केली, तरी असा सेलवरचा सेन्सर गप्प झाल्याचं मूळ सेटिंगनुसार २५ तासांनी कळतं. तेव्हा चार्ज २० टक्क्यांखाली गेला की फोनवर सूचना येईल, अशी सोय आधीच करून ठेवा.