नेटहॅकमधील हॅलबर्ड: दोन घरांवरून घातक, शेजारी निरुपयोगी

१९८७ साली पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या आणि आजही विनामूल्य मिळणाऱ्या ‘नेटहॅक’ या भुयारी खेळात लांब दांड्याची तब्बल बारा शस्त्रे आहेत. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका वठवण्याच्या खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांना अशा शस्त्रांचे विलक्षण वेड होते, आणि त्या वेडाचा वारसा या यादीत स्पष्ट दिसतो. बाराही शस्त्रे वापरून पाहणारा खेळाडू विरळाच. बहुतेकांची मजल हॅलबर्डपर्यंत, म्हणजे लांब दांड्यावरच्या कुऱ्हाडीपर्यंत, जाते, कारण नाव ओळखीचे असते आणि तक्त्यातील आकडा मोठा दिसतो. तो मोठा आकडा कितपत खरा आहे, हे पाहण्यासाठी हे परीक्षण.

प्रथम कागदावरचा हिशेब पाहू. हॅलबर्ड लहान शत्रूवर दहा बाजूंच्या एका फाशाइतकी आणि मोठ्या शत्रूवर सहा बाजूंच्या दोन फाशांइतकी इजा करते. लांब तलवारीचे फासे अनुक्रमे आठ आणि बारा बाजूंचे असल्यामुळे वरवर पाहता हॅलबर्ड तिच्यापेक्षा सरस वाटते. मात्र हे आकडे ती शेजारच्या घरातील (खेळाचा पट चौकोनी घरांचा असतो) शत्रूवर चालवली तर लागूच होत नाहीत. पायी चालणाऱ्या खेळाडूने हॅलबर्ड हातात धरून शेजारच्या शत्रूवर नेहमीसारखा वार केला, तर फाशाची इजा फक्त एक किंवा दोन गुणांची होते. नवखे खेळाडू इथेच वैतागतात आणि शस्त्र टाकून देतात.

तिचा खरा उपयोग ‘अप्लाय’ या आज्ञेने होतो. ती दिल्यावर खेळ लक्ष्याचे घर विचारतो आणि वार दोन घरांवर जाऊन पडतो. कौशल्य नसताना किंवा प्राथमिक पातळीवर असताना सरळ रेषेतील दुसरे घर एवढाच पल्ला मिळतो. कौशल्य ‘स्किल्ड’ पातळीला पोहोचले की बुद्धिबळातील घोड्याची अडीच घरे खुली होतात, आणि तिथून पुढे हे शस्त्र खऱ्या अर्थाने हाताशी येते, कारण शत्रू नेमका सरळ रेषेत येण्याची वाट पाहावी लागत नाही. शत्रू शेजारी आला की मात्र ‘फार जवळ’ असे सांगून खेळ वार नाकारतो.

या पल्ल्याचा सर्वात सुंदर उपयोग होतो तो स्वतःहून हल्ला न करणाऱ्या, पण स्पर्श करणाऱ्याला शिक्षा देणाऱ्या जीवांवर. ‘फ्लोटिंग आय’ या तरंगत्या डोळ्याला जवळून मारणारा खेळाडू कधीकधी शंभराहून अधिक पाळ्या जागच्या जागी थिजतो आणि तेवढ्यात कोणताही फडतूस प्राणी येऊन त्याचा जीव घेतो. हॅलबर्डने दोन घरांवरून टोचले तर ही शिक्षा मिळत नाही. त्या डोळ्याची गती इतकी कमी आहे की तो सरकत शेजारी आलाच तर एक पाऊल मागे घेऊन पुन्हा वार करता येतो, आणि शेवटी मनोवेधाची शक्ती देणारे त्याचे प्रेतही पदरात पडते. ‘ब्राऊन मोल्ड’ ही बुरशी आणि ‘ब्लू जेली’ हे जीव तर जागचे हलतच नाहीत. त्यांना स्पर्श केल्यावर बसणारी थंडीची झळ कमकुवत पात्राला सहज संपवते, पण दांड्याच्या टोकाकडून वार करणाऱ्याला तिची फिकीर नसते. हेच काम खंजीर फेकूनही होते आणि फेकीचा पल्लाही जास्त असतो, हे मान्य. पण फेकलेले खंजीर बुरशीच्या घरातच पडून राहतात आणि ती मरेपर्यंत उचलता येत नाहीत. हॅलबर्ड हातातच राहते.

आता तिच्या वजनाविषयी, कारण माझा मुख्य आक्षेप तिथेच आहे. हॅलबर्डचे वजन १५० आहे, तर लांब तलवारीचे ४०. खेळातील उचलण्याची मर्यादा कितीही बलवान पात्रासाठी १००० च्या पुढे जात नाही, आणि ओझे फार वाढले की पावले जड होऊ लागतात. म्हणजे अधूनमधून लागणाऱ्या एका शस्त्रासाठी निर्धास्तपणे वाहता येणाऱ्या ओझ्याचा मोठा हिस्सा खर्ची पडतो. त्याच कुळातील रॅन्सर आणि स्पेटम यांचे वजन प्रत्येकी फक्त ५० आहे. लहान शत्रूवर हॅलबर्डची सरासरी इजा साडेपाच, रॅन्सरची पाच आणि स्पेटमची साडेचार. मोठ्या शत्रूवर तर स्पेटम आणि हॅलबर्ड यांची सरासरी अगदी सारखीच, म्हणजे सात आहे. अर्ध्या-एक गुणासाठी तिप्पट ओझे वाहण्यात शहाणपण नाही.

शिवाय शस्त्र दोन्ही हातांचे असल्याने ढाल घालून ते धरता येत नाही. सुरुवातीपासून ढाल बाळगणाऱ्या ‘व्हाल्किरी’ या पात्राला त्यामुळे प्रत्येक वेळी ढाल उतरवायची की हॅलबर्ड पाठीवरच ठेवायची, हा निर्णय करावा लागतो. शापित हॅलबर्ड हाताला चिकटली, तर दोन्ही हात अडकतात, अंगठ्या आणि चिलखत बदलता येत नाही, आणि शेजारच्या शत्रूवर एक-दोन गुणांची इजा करत बसावे लागते. या खेळात इतकी केविलवाणी अवस्था क्वचितच येते.

इतिहासाची आवड असलेल्या वाचकाला या नियमांत एक गंमत दिसेल. घोड्यावर किंवा अन्य वाहनावर बसलेल्या खेळाडूला जवळच्या वारावरील बंधन लागू होत नाही, त्यामुळे सुरुवातीपासून तट्टू असलेल्या ‘नाइट’ या पात्राच्या हाती हॅलबर्ड जवळूनही पूर्ण इजा करते. प्रत्यक्षात हे शस्त्र पायदळाचे होते. मोरगार्टेन (१३१५) आणि झेम्पाख (१३८६) येथे स्विस पायदळाने ऑस्ट्रियाच्या सरदारांना याच शस्त्राने नमवले. कुऱ्हाडीचे पाते, टोकाचा सुळा आणि स्वाराला खाली खेचणारा आकडा एकाच दांड्यावर असल्याने हॅलबर्ड दाटीवाटीच्या लढाईत चालत असे. जवळ आल्यावर निकामी होण्याचा दोष पाच मीटर लांबीच्या पाइक या भाल्याचा, आणि पाइकची रांग फुटली की तिथे हॅलबर्डवाले पुढे सरसावत. खेळाने एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी मारला आहे. तरीही नियम म्हणून तो मला आवडतो, कारण त्यामुळे खेळाडूला अंतराचा विचार करावा लागतो. बाकीच्या बहुतेक शस्त्रांना तो लागत नाही.

पक्षपात मात्र खटकतो. खेळातील शत्रू शिपायांपैकी सुमारे एकतृतीयांश लांब दांड्याचे शस्त्र घेऊन येतात, आणि त्यांना अडीच घरांचा पल्ला कोणतेही कौशल्य न कमावता मिळतो. आपल्याला तो मिळवण्यासाठी कितीतरी यशस्वी वार करावे लागतात, आणि कौशल्य नसताना नेमावर चारची कपातही सोसावी लागते.

सामुराई, व्हाल्किरी किंवा नाइट खेळणाऱ्यांनी हे कौशल्य ‘स्किल्ड’पर्यंत जरूर वाढवावे, पण हॅलबर्डऐवजी स्पेटम किंवा रॅन्सर पाहावे. स्वाराच्या हाती मात्र हॅलबर्ड शोभते, आणि दहा झॉर्कमिडांची (खेळातील नाण्यांची) मूळ किंमत कोणालाही जड नाही. ओळख न पटलेल्या स्थितीत ती ‘अँगल्ड पोलॲक्स’ या नावाने दिसते, तर स्पेटम ‘फोर्क्ड पोलआर्म’ म्हणून. दोन्ही उचलण्यापूर्वी पाळीव कुत्रा किंवा मांजर त्या घरावरून बिनदिक्कत चालत जाते का, ते पाहून घ्यावे. शापित वस्तूवर तो प्राणी सहसा पाऊल ठेवत नाही.