किट कारला बटण स्टार्ट: चावी ठेवायची, टॉगल लावायचा की कीलेस मॉड्यूल?

पाइपांचा सांगाडा, फायबरची बॉडी, जुन्या मारुतीचं नाहीतर जिप्सीचं इंजिन. अशा जुळवलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर लाल बटण हवंच असतं. ते बसवायचे मार्ग तीन: चावीने इग्निशन आणि बटणाने फक्त सेल्फ, चावीच काढून टॉगल (खटक्याचा स्विच) आणि बटण, किंवा खिशातल्या फॉबवर (छोट्या रिमोटवर) चालणारं कीलेस मॉड्यूल. ठाणे-नवी मुंबईत फिरवायच्या गाडीसाठी आमचा कौल पहिल्याला आहे.

आधी तिन्हींत सारखं असणारं. सोलेनॉइड, म्हणजे सेल्फवरचा विद्युतचुंबकी स्विच, ओढला जाताना क्षणभर २० ते ४० अँपिअर घेतो. पॅनेलवरचं चकचकीत स्टीलचं बटण जेमतेम ३ ते ५ अँपिअरचं असतं. त्यातून थेट सेल्फ मारला की आतले पॉइंट जळतात आणि कधीतरी चिकटून बसतात. मग बोट काढलं तरी सेल्फ फिरतच राहतो, बॅटरीची तार उपटेपर्यंत. म्हणून मध्ये ४० अँपिअरचा रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, हवाच. ३० नंबरच्या पिनला बॅटरीतून ३० अँपिअरच्या फ्यूजमार्गे प्लस, ८७ वरून सोलेनॉइड, ८६ ला बटणाकडून येणारी वायर, ८५ ला अर्थ. ८५ ची अर्थ क्लचच्या किंवा न्यूट्रलच्या स्विचमधून नेली, तर गिअरमध्ये असताना बटण दाबलं जाऊन गाडी पुढे उडी मारत नाही. बटण सोडताना कॉइलमधून उठणारा व्होल्टेजचा झटका जिरवायला रिलेच्या कॉइलवर १एन४००७ डायोड टाका, चंदेरी पट्टी ८६ कडे. उलटा लावलात तर बटण दाबताच थेट शॉर्ट.

वायरीत कंजुषी नको. ३ मीटर लांब, १ चौरस मिलिमीटरची वायर ३० अँपिअरला सुमारे दीड व्होल्ट खाते. ४ चौरस मिलिमीटरची अर्ध्या व्होल्टच्या आत राहते. थकलेल्या बॅटरीवर ‘टक्’ होऊन सेल्फ न फिरण्यात या एका व्होल्टाचा मोठा हात असतो. रिले सेल्फजवळ बसवा, पिना खाली करून, म्हणजे पाणी साचत नाही. बटणाकडच्या वायरीला मात्र १ चौरस मिलिमीटर पुरते, कारण रिलेची कॉइल पाव अँपिअरही घेत नाही.

नेहमीच्या गाड्यांवर हात बसलेला वायरमन किट कारमध्ये हमखास चुकतो तो अर्थिंगला. फायबरमध्ये स्क्रू मारून अर्थ मिळत नाही. प्रत्येक अर्थ सांगाड्यावर रंग खरवडून घ्यायची, आणि इंजिन ते सांगाडा २५ चौरस मिलिमीटरची जाड पट्टी वेगळी टाकायची. ती विसरली तर सेल्फचा करंट परतीची वाट क्लचच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून शोधतो. केबल हाताला चटका बसण्याइतकी तापते, तरी लोक बॅटरीच बदलत राहतात.

आता चावी आणि बटण. जुन्या लॉकची स्टार्टची वायर मोकळी करून स्लीव्हने बंद करायची आणि बटणाला प्लस इग्निशनवरून द्यायचा. चावी बंद, तर बटण मेलेलं. स्टिअरिंग लॉक शाबूत राहतं, आणि चावीत इमोबिलायझरची (चोरीविरोधी) चिप असेल तर ती वाचणारी लॉकभोवतीची रिंगही जागेवर राहते. दोन गोष्टी निसटतात. एक, चावीच्या स्टार्ट पोझिशनला स्टिरिओसारखा भार आपोआप तुटायचा. बटणाने तो तुटत नाही. दोन, इग्निशन कॉइलला बॅलास्ट रेझिस्टर (एरवी तिचं व्होल्टेज कमी ठेवणारा रोधक) असेल तर सेल्फ मारताना तो वगळून पूर्ण व्होल्टेज देणारी वायर लॉकच्या स्टार्टवरून आली आहे का, ते बघा. आली असेल तर तीही नव्याने द्यावी लागते, नाहीतर इंजिन गरगर फिरतं पण पकडत नाही. चालू इंजिनवर बटण दाबलं जायची भीती असेल तर ८५ च्या अर्थमध्ये दुसऱ्या रिलेची ८७ए पिन (रिले ओढला नसताना ३० ला जोडलेली) घाला आणि त्याची कॉइल अल्टरनेटरच्या डी प्लसवर, म्हणजे चार्जिंगच्या दिव्याच्या टर्मिनलवर, चालवा. इंजिन चालू झालं की सेल्फची वाट आपोआप तुटते.

टॉगलचं थोडक्यात: स्वस्त, दिसायला झकास, ट्रॅकवर ठीक. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मात्र कुणीही पोर गाडी चालू करेल. टॉगलवरचं ‘१५ अँपिअर २५० व्होल्ट’ हे एसीचं असतं. डीसीत ठिणगी विझायला वेळ लागतो, त्यामुळे पंप आणि इग्निशन कॉइलचा भार रिलेवरच घ्या. चावी काढायची म्हणून डोनर गाडीच्या (जिचे भाग वापरले त्या जुन्या गाडीच्या) स्टिअरिंग कॉलममधली लॉकची खीळही काढावीच लागते. ती तशीच राहिली तर वळणावर आत बसू शकते.

मॉड्यूलचा मोह समजतो. पण ते बॅटरीवर सतत जागं असतं. २० मिलिअँपिअर धरले तरी ३० दिवसांत १४.४ अँपिअर-तास, म्हणजे ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतला चाळीसेक टक्के माल. उघडी गाडी जून ते सप्टेंबर कव्हरखालीच असते. गणपतीला कव्हर काढलं की बॅटरी बसलेली. त्यावर बॅटरी कट-ऑफ लावायचा, तर रोज हाताने फिरवायचा दांडा आलाच, मग कीलेस कशाला?

दुसरी अडचण चढावरची. गायमुख घाटात ट्रकांच्या रांगेत इंजिन बंद पडलं तर चावीवाल्याने क्लच दाबून बटण दाबलं की झालं. इंजिन बंद पडल्याचं ज्या मॉड्यूलला कळत नाही, त्यात पहिल्या दाबाला इग्निशन बंद होतं, दुसऱ्याला सेल्फ लागतो. मागून हॉर्न वाजत असताना हे आठवत नाही.

तरीही मॉड्यूलच घेणार असाल, तर त्याच्या स्टार्ट आणि इग्निशनच्या वायरींनी फक्त बाहेरच्या रिलेंच्या कॉइल चालवा, भार नको. ब्रेक दाबल्याचं मॉड्यूलला कळवणारी वायर ब्रेक स्विचच्या दिव्याकडच्या बाजूने घ्या. चालत्या गाडीत एका हलक्या दाबाने इंजिन बंद होत नाही ना, हे विकत घेण्याआधी दुकानातच दाबून बघा. खाडीकडची खारी दमट हवा पाहता मॉड्यूल सीटखाली उंचावर बसवा आणि त्याकडे जाणाऱ्या वायरी आधी खाली झोका देऊन मग वर घ्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी कनेक्टरपर्यंत न पोचता झोक्यावरूनच गळून पडतं.