तयार ग्रॅम रंजन संच : तीन बाटल्या चांगल्या, चौथी घातक

आमच्या महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत रंजनद्रव्ये आजवर आम्ही स्वतःच तयार करत आलो. या सत्रात तुकड्या वाढल्यामुळे प्रथमच ग्रॅम रंजनाचा, म्हणजे जिवाणू रंगवून जांभळे राहणारे ग्रॅम-धन आणि गुलाबी होणारे ग्रॅम-ऋण असे दोन गट ओळखण्याच्या पद्धतीचा, चार बाटल्यांचा तयार संच मागवला: क्रिस्टल व्हायोलेट (जांभळा रंग), ग्रॅमचे आयोडीन (तो रंग पेशीत पक्का करणारे), डीकलरायझर (रंग काढणारा द्रव) आणि सॅफ्रनिन (शेवटी द्यायचा गुलाबी रंग). तो तीन महिने वापरल्यानंतर हे लिहीत आहे.

क्रिस्टल व्हायोलेटबद्दल तक्रार नाही. द्रावण नीट गाळलेले आहे, त्यामुळे स्लाइडवर रंगाचे खडे दिसत नाहीत. घरी केलेल्या द्रावणात हे खडे नवख्या विद्यार्थ्याला हमखास जिवाणू वाटतात. सॅफ्रनिनही ठीक आहे. आयोडीन मात्र पारदर्शक बाटलीत दिले आहे आणि ते उजेडात हळूहळू फिकट होते, म्हणून आम्ही बाटलीला काळा कागद गुंडाळला.

खरी अडचण डीकलरायझरची आहे. सोबतच्या पत्रकात तो ३० सेकंद ठेवावा असे छापले आहे, पण लेबलनुसार त्यात अल्कोहोलबरोबर ॲसिटोनही आहे, आणि ॲसिटोन रंग फार झपाट्याने काढते. पहिल्याच प्रात्यक्षिकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस या ग्रॅम-धन जिवाणूचे जांभळे घोस दिसायला हवे होते, तेथे निम्म्या विद्यार्थ्यांना गुलाबी घोस दिसले. मुलांच्या हातून चूक झाली असेल असे समजून मी स्वतः ताज्या संवर्धनाचा (प्रयोगशाळेत वाढवलेल्या जिवाणूंचा) लेप केला आणि पत्रकाबरहुकूम ३० सेकंद मोजले. माझीही स्लाइड गुलाबीच निघाली.

या काही सेकंदांना एवढे महत्त्व का, हे जिवाणूच्या पेशीभित्तिकेत दडलेले आहे. ही भित्तिका पेप्टिडोग्लायकन या द्रव्याची असते: एन-ॲसिटिल ग्लुकोसामाइन आणि एन-ॲसिटिल म्युरामिक आम्ल या दोन शर्करा आळीपाळीने जोडून झालेले लांब धागे, आणि त्या धाग्यांना एकमेकांशी बांधणारे अमिनो आम्लांचे आखूड दुवे. पेशीच्या आतील दाबाने ती फुटू नये आणि तिचा आकार टिकावा, हे या जाळीचे काम. पेनिसिलीन हे दुवे जोडणाऱ्या विकरालाच निकामी करते आणि आपल्या अश्रूंतील लायसोझाइम शर्करांचे धागे कापते, म्हणजे दोघांचाही घाव या एकाच जाळीवर पडतो. ग्रॅम-धन जिवाणूंत तिची जाडी साधारण २० ते ८० नॅनोमीटर असते आणि तिच्यात टायकोइक आम्लेही गुंफलेली असतात. ग्रॅम-ऋण जिवाणूंत ती १० नॅनोमीटरपेक्षाही पातळ असून तिच्या बाहेर लिपोपॉलिसॅकराइडयुक्त आणखी एक पटल असते.

क्रिस्टल व्हायोलेट आणि आयोडीन यांचा संयुक्त कण दोन्ही प्रकारच्या पेशींत तयार होतो, म्हणजे तोपर्यंत स्टॅफिलोकॉकस आणि ग्रॅम-ऋण ई. कोलाय सारखेच जांभळे असतात. अल्कोहोल पडताच ग्रॅम-ऋण पेशीचे मेदयुक्त बाह्यपटल विरघळते आणि पातळ जाळीतून रंग निसटतो. ग्रॅम-धन पेशीची जाड जाळी पाणी गमावून आक्रसते व रंग आत कोंडून ठेवते. पण हे कोंडणे कायमचे नसते. द्रावक तीव्र असेल किंवा जास्त वेळ राहिला, तर जाड भित्तिकेतूनही रंग निघून जातो, आणि मग सॅफ्रनिन दोघांनाही गुलाबी करते. (सॅफ्रनिनसारखा दुसरा रंग हान्स क्रिश्चन ग्रॅम यांच्या १८८४ च्या मूळ पद्धतीत नव्हताच, त्यांना जिवाणूंचे दोन गट पाडायचे नव्हते, फुफ्फुसाच्या ऊतीत जिवाणू स्पष्ट दिसायला हवे होते.)

पुढच्या तुकडीला आम्ही पत्रक बाजूला ठेवायला लावले. स्लाइड तिरपी धरून डीकलरायझर थेंबाथेंबाने सोडायचा आणि ओघळणारे द्रव फिकट होताच पाण्याने धुवायचे, एवढीच सूचना दिली. याला पाच सेकंदही पुरले. प्रत्येक स्लाइडवर एका बाजूला स्टॅफिलोकॉकस आणि दुसऱ्या बाजूला ई. कोलाय असा नियंत्रण-लेपही ठेवला, कारण त्याशिवाय चूक रंगाची, हाताची की जुन्या संवर्धनाची हे कळत नाही. बॅसिलसचे जुने संवर्धन तर उत्तम द्रव्यांनीही गुलाबी दिसू शकते. शंका उरली तेथे तीन टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात वसाहत कालवून पाहिली: ग्रॅम-ऋण पेशी फुटून डीएनए बाहेर येतो आणि लूप (जिवाणू उचलायची तारेची कडी) उचलताच चिकट तार निघते, ग्रॅम-धन वसाहतीची सहसा निघत नाही.

संच पुन्हा घेणार का? दोन्ही रंग सुटे मिळाले तर जरूर घेऊ. आयोडीन गडद बाटलीत घरीच करू आणि डीकलरायझर म्हणून साधे ९५ टक्के इथेनॉल वापरू. ते जरा सावकाश काम करते, आणि शिकाऊ हाताला तेवढी सवड हवीच. निदान प्रयोगशाळेतील सरावलेल्या तंत्रज्ञांना मात्र हाच वेगवान डीकलरायझर सोयीचा वाटेल. उरलेल्या द्रवाने सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावरचे तेल पुसण्याचा मोह तेवढा टाळावा. ॲसिटोनमुळे भिंगांचे चिकटवलेले जोड सुटू शकतात.