फोर्कलिफ्टचं लायसन्स: आरटीओ, संस्था की कंपनी?

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमच्या स्टोअरला फोर्कलिफ्ट, म्हणजे काट्यांवर माल उचलणारी गाडी, चालवायच्या नोकरीसाठी मुलाखतीला येणारी मुलं लॅमिनेट केलेलं कार्ड पुढे करतात: "साहेब, लायसन्स आहे." बहुतेक वेळा ते लायसन्स नसतं, खासगी संस्थेचं प्रमाणपत्र असतं. पैसे भरण्याआधी हा फरक समजून घ्या.

आधी आरटीओ. फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायला बनवलेली खास गाडी मोटार वाहन कायदा, 1988 च्या व्याख्येत बसत नाही. म्हणून गेटाच्या आत फिरणाऱ्या फोर्कलिफ्टला हा कायदा लायसन्स मागत नाही. गंमत गेटाबाहेर आहे. आमच्या भागात एकाच शेठचे समोरासमोर दोन प्लॉट असतात आणि माल पलीकडे न्यायचा तर फोर्कलिफ्ट सरळ रस्ता ओलांडते. चाळीस पावलंच, पण तिथे आवार संपलेलं असतं. त्या चाळीस पावलांत कुणाची अॅक्टिव्हा धडकली, तर पहिला प्रश्न चालवणाऱ्याच्या लायसन्सचा येतो. तेव्हा जिथे नोकरी बघताय, तिथे आधी विचारा: मशीन रस्त्यावर जातं का? जात असेल तर त्या प्रकारच्या गाडीचं लायसन्स हवंच. कारचं लायसन्स तर अठरा पूर्ण झाल्यावर काढूनच ठेवा. लर्निंग सहा महिने चालतं, पक्क्याची टेस्ट तीस दिवसांनी देता येते, आणि आतल्या कामालाही पुष्कळ कंपन्या ते मागतात.

संस्थेचा कोर्स काही दिवसांत उरकतो, पण सगळं संस्थेवर अवलंबून. माझा भाचा एका ठिकाणी दोन दिवस बसला. स्लाइड भरपूर, सीटवर पंधरा मिनिटं, तीही रिकाम्या पॅलेटवर (माल ठेवायची फळ्यांची चौकट). आमच्याकडे त्याला टनभर माल दिला. त्याने कारसारखं वळण घेतलं. फोर्कलिफ्टची मागची चाकं वळतात, त्यामुळे शेपूट बाहेर फेकली जाते. ती रॅकच्या खांबाला लागली. (भाचा आजही तो खांब दाखवू देत नाही.) मशीन किती वजन उचलतं ते सांगणारी त्यावरची प्लेटही त्याला कुणी वाचायला शिकवली नव्हती. तीन टन, 500 मिमी, म्हणजे मालाचा गुरुत्वमध्य काट्याच्या टाचेपासून (काटा जिथे उभ्या भागाला मिळतो तिथून) 500 मिमीवर असला तरच तीन टन. 1200 मिमी लांब पॅलेटचा मध्य 600 वर जातो, मग तेवढं वजन मशीनला झेपत नाही. उंच उचललं तर आणखी कमी.

कंपनीतच हेल्पर म्हणून लागून शिकणं सगळ्यात संथ, पण हात तिथेच बसतो. फी नाही, उलट पगार मिळतो. तोटा असा की ठेकेदार बदलला की हातात कागद राहत नाही. सोडताना अनुभवाचं पत्र मागून घ्या, कोणतं मशीन आणि किती टनी हे त्यात लिहवून.

परदेशाचं डोक्यात असेल तर इथल्या कार्डावर फार भिस्त नको. दुबईत फोर्कलिफ्टचं वेगळं लायसन्स काढावं लागतं. अमेरिकेत मालकालाच चालकाची परीक्षा घ्यावी लागते, आणि दर तीन वर्षांनी पुन्हा.

मला विचाराल तर कारचं लायसन्स आणि कंपनीतली हेल्परी, ही जोडी बरी. ओळख नसेल, आत शिरायलाच कागद लागत असेल, तर संस्था. मात्र फी भरण्याआधी एक सकाळ तिथे उभं राहून बघा, एकेका मुलाला सीट किती वेळ मिळते आणि पॅलेटवर माल असतो की नाही.