पाठांतराची शाळा की हाताने शिकवणारी? सहावीत घालण्याआधी

माझ्या बहिणीची मुलगी येत्या जूनमध्ये सहावीत जाईल. बहिणीसमोर दोन शाळा आहेत, दोन्ही कोल्हापुरातच. एकीत रोज घरचा अभ्यास, दर शनिवारी चाचणी आणि दारातच निकालाचा फलक. दुसरीत मुलं मोजतात, कापतात, मातीत हात घालतात आणि गृहपाठ बेताचा. मी माध्यमिकला गणित-विज्ञान शिकवतो, म्हणून "दादा, तूच सांग" म्हणाली. तिला जे सांगितलं तेच इथे लिहितो, कारण या दिवसांत हा प्रश्न बऱ्याच घरांत चाललेला असतो.

आधी समजेचं बघू. सहावी-सातवीत पोरं अडतात ती अपूर्णांकात. पहिल्या शाळेत ३/८ + १/४ ची रीत ठरलेली: लसावि काढा, छेद समान करा, अंश मिळवा. मुलं बरोबर करतातही. पण दोन महिन्यांनी त्यातल्याच कितीतरी वह्यांत मला ४/१२ असं उत्तर सापडतं. अंशात अंश मिळवला, छेदात छेद.

एका वर्षी माझ्या वर्गात उद्यमनगरातल्या लेथ कामगाराचा मुलगा होता. फळ्यासमोर त्याला काही सुचेना. मी विचारलं, "तीन सूत जाडीच्या पट्टीवर पाव इंची पट्टी ठेवली तर?" तो लगेच म्हणाला, "पाव इंच म्हणजे दोन सूत. पाच सूत की, सर." इंचाचे सूत आठ, हे त्याने वडिलांच्या शेजारी उभं राहून पाहिलेलं. छेद समान करणं म्हणजे काय, ते त्याने न कळत करून दाखवलं होतं. मग इंचाची पोलादी पट्टी वर्गभर फिरवली. ४/१२ म्हणजे एक तृतीयांश, तो तर ३/८ पेक्षाही कमी भरतो. मिळवल्यावर कमी कसं झालं, हे पट्टी हातात असलेल्या पोराला आपोआप खटकतं. या बाबतीत दुसरी शाळा सरळसरळ पुढे आहे आणि माझ्या मनात त्याबद्दल शंका नाही.

विज्ञानातही तेच, पण एका अटीवर. थंडीत आपल्याकडे गुऱ्हाळं पेटली की दोन्ही प्रकारच्या शाळा सहल काढतात. पहिलीतली मुलं रस पितात, फोटो काढतात, परत येतात. चांगल्या शाळेत बाई आदल्या दिवशी विचारतात: रसात चुना का घालत असतील? मुलं लिटमसच्या पट्ट्या घेऊन जातात, रस आम्ल आहे हे बघतात, चुन्याने ते आम्ल मारलं जातं हे बघतात. भेंडीच्या चिकट पाण्याने कचरा धरला जाऊन मळी वर येते, ती झाऱ्याने काढली जाते. रस उकळत असलेल्या मोठ्या कढईपासून, म्हणजे काहिलीपासून, लांब उभं राहून मुलं गूळ बनवणाऱ्या गुळव्याला प्रश्न विचारतात. पाणी १०० अंशांना उकळतं हे पाठ असतं, पण रस आटत जातो तसा उत्कलनांक चढत जातो आणि गूळ उतरवताना ११५ अंशांच्या पुढे गेलेला असतो. शाळेतला ११० अंशांचा तापमापी तिथे उपयोगाचा नाही. गुळव्या थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी होते का ते पाहतो, तोच त्याचा तापमापी. दुसऱ्या दिवशी मुलं हे सगळं स्वतःच्या शब्दांत लिहितात. आधीचा प्रश्न आणि नंतरचं लिखाण नसेल तर ती सहलच, मग शाळेचं नाव काहीही असो. घरच्यांनी रात्री जागून केलेला थर्माकोलचा ज्वालामुखीही याच खात्यात.

गुणांचं मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. दहावीला विज्ञानाचे दोन पेपर ४०-४० गुणांचे आणि प्रात्यक्षिक २० चं, म्हणजे ८० गुण लेखणीवर. वेळेत लिहिणं, नामनिर्देशित आकृती, नेमके शब्द यांत पहिल्या शाळेची मुलं तयार असतात. दुसरीकडून आलेली मुलं तोंडी सुरेख सांगतात आणि कागदावर दोन ओळींत आटपतात. हे नुकसान खरं आहे, पण वर्षभराच्या लेखनसरावाने ते भरून निघताना मी पाहिलंय. हुकलेली समज नववीत भरून काढणं त्याहून कितीतरी जड जातं.

खर्चात फारसा फरक नसावा. सूत मोजायला पट्टी लागते, प्रयोगशाळेची इमारत नव्हे. आपल्याच गावात लीलाताई पाटलांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, ते मुलांच्या अनुभवाला शिक्षणाचा पाया मानून. आठवीनंतर हे जमत नाही म्हणणाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम पाहावा. डॉ. कलबाग यांनी १९८३ साली तो उभारला आणि तिथून निघालेल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, शेती, वीजजोडणी अशी कामं करत शिकतात.

पटसंख्या विचारायला विसरू नका. शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीला एका शिक्षकामागे ३५ मुलं धरली आहेत. साठ मुलांच्या वर्गात दोघं प्रयोग करतात आणि बाकीचे माना उंचावून बघतात. अशा वेळी उपक्रमशील म्हणवणाऱ्या शाळेपेक्षा नीट फळा वापरणारा शिक्षक मी पसंत करेन. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातल्या दप्तराविना १० दिवसांचं माहितीपत्रकावर मोठं नाव असतं, पण उरलेल्या दिवसांचं काय, ते विचारा. प्रयोगशाळा दाखवायला सांगा आणि परीक्षानळ्या हातात घेऊन बघा, बुडाशी डाग आहेत की धूळ आहे.

आम्ही दोन्हीकडे जाऊन आलो. दुसऱ्या शाळेत नळ्यांना डाग होते, एक तडकलेली होती आणि वर्गात बत्तीस मुलं. भाची तिथे जाणार आहे. रविवारी सकाळी तासभर उत्तरं लिहून घ्यायचं काम मी माझ्याकडे घेतलंय.